पन्नाशीतला चाहता आणि पन्नाशी गाठलेला बँड

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती: ज्या बँडवर आयुष्यभर प्रेम केले, तो थकत चाललेला असताना त्याला प्रत्यक्ष ऐकायला जावे का आणि गेल्यास कसे ऐकावे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच देत आहे.

प्रश्न : मी नाशिकचा असून माझे वय 52 आहे. शाळेत असताना मोठ्या भावाच्या मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड पहिल्यांदा ऐकला आणि तेव्हापासून तो माझ्या सोबत आहे. 2008 साली ते मुंबईत आले, तेव्हा वडील रुग्णालयात असल्याने मला जाता आले नाही. आता हॅम्बर्गला नोकरी करणारा माझा मुलगा युरोपातल्या त्यांच्या एका कार्यक्रमाची दोन तिकिटे काढतो म्हणतो. खर्च मोठा आहेच, पण माझी खरी भीती वेगळी आहे. गायकाने पासष्टी ओलांडली, निको मॅकब्रेन आता ड्रम्सवर नाही. इतकी वर्षे जे कानांत जपले ते प्रत्यक्ष ऐकल्यावर विस्कटणार तर नाही? आणि मी जो पाहायला जाणार, तो माझाच बँड असेल का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : मुलाला तिकिटे काढायला सांगा, हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा निर्णयात रेंगाळण्याला फार वाव नसतो. मी हा बँड 1 फेब्रुवारी 2008 रोजी वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर ऐकला आणि पुढे 28 जून 2025 रोजी लंडनच्या स्टेडियमवर ऐकला. तुम्हाला ज्या काळाची धास्ती वाटते, तो नेमका या दोन कार्यक्रमांच्या मधला काळ आहे. त्यामुळे तुमच्या शंकेचे उत्तर मी ऐकीव माहितीवरून देत नाही.

आधी दुसरा प्रश्न घेऊ, कारण त्याचे उत्तर मिळाले की पहिल्याची धार बरीच कमी होते. बेसवादक स्टीव्ह हॅरिसने पूर्व लंडनमध्ये 1975 च्या नाताळात हा बँड उभा केला. 1980 साली पहिला अल्बम आला, तेव्हा गायक होता पॉल डी'आनो आणि ड्रम्सवर होता क्लाइव्ह बर. तुमच्या कॅसेटवर जो आवाज होता आणि जो आवाज आपण सगळे आयर्न मेडनचा म्हणून ओळखतो, तो ब्रूस डिकिन्सनचा आवाज 1982 साली तिसऱ्या अल्बमवर आला. निको तर त्याच्याही नंतरचा, 1983 च्या चौथ्या अल्बमपासूनचा. गिटारवादक एड्रियन स्मिथ 1990 साली बाहेर पडला आणि जॅनिक गर्स आला. डिकिन्सन 1993 साली गेला आणि 1999 साली स्मिथसह परतला, तेव्हा गर्सला न काढता तीन गिटारवादकांचा बँड करण्यात आला. आजवरच्या सतराही अल्बमांवर वाजवणारे केवळ दोघे आहेत, हॅरिस आणि गिटारवादक डेव्ह मरे. ज्या संचाला तुम्ही मनात ‘मूळ’ मानता, तो संच पहिल्या चार अल्बमांच्या काळात पुन्हा पुन्हा बदलून तयार झालेला होता, आणि त्यावर तुमचे प्रेम जडायला त्याने काही बिघडले नाही.

तरीही निकोचे जाणे मी हलके लेखत नाही. जानेवारी 2023 मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू निकामी झाली. काही महिन्यांतच तो दौऱ्यावर पुन्हा वाजवू लागला, पण हाताची पूर्वीची चपळाई पूर्णपणे परतली नाही, हे त्याने स्वतः सांगितले. 7 डिसेंबर 2024 रोजी साओ पाउलोच्या कार्यक्रमानंतर त्याने दौरे थांबवले. हा माणूस अनवाणी पायाने आणि एकाच पेडलवर असे ठेके वाजवत असे, जे इतर अनेक जण दोन पेडल घेऊन वाजवतात. त्याच्या ठेक्यात एक हसरी, किंचित पुढे झुकलेली लय होती. त्याच्या जागी आलेला सायमन डॉसन हा हॅरिसच्या ‘ब्रिटिश लायन’ या दुसऱ्या बँडमधला आहे. तो निकोची नक्कल करत नाही. त्याचे वाजवणे अधिक सरळ, अधिक मोकळे आहे. लंडनला पहिल्या तीन-चार गाण्यांत मला निकोच्या भरगच्च जागा हुकल्यासारख्या वाटत राहिल्या, हे खरे. पुढे मात्र एक गोष्ट ध्यानात आली. त्या दौऱ्यात पहिल्या दोन अल्बमांची गाणी सुरुवातीलाच घेतली होती, आणि ती निकोच्या आधीची, म्हणजे क्लाइव्ह बरने वाजवलेली गाणी. त्यांना तो मोकळा ठेका शोभत होता. तुम्हीही त्या गाण्यांकडे कान ठेवा, डॉसन तुम्हाला तिथे भेटेल.

आता आवाजाविषयी. तुमची भीती मुख्यतः तीच आहे असे मला पत्रावरून वाटते, आणि ती अनाठायी नाही. डिकिन्सनची गाणी वरच्या पट्टीतली, ताणून धरलेल्या स्वरांची आहेत. साठी उलटलेले अनेक रॉक गायक वाद्यांचा सूरच खाली उतरवून घेतात. त्यात कमीपणा काही नाही, पण गाण्याचा रंग त्याने बदलतो. आयर्न मेडनने ती वाट धरलेली नाही. शिवाय 2014 च्या अखेरीस डिकिन्सनच्या जिभेच्या मुळाशी कर्करोग निघाला आणि सात आठवडे किरणोपचार व औषधोपचार झाले, हे लक्षात घेतले तर आज तो गातो आहे हीच मोठी गोष्ट आहे. मात्र कौतुकापोटी मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. आवाज बदलला आहे, आणि तो कसा बदलला हे सांगायला एकच गाणे पुरेसे आहे, कारण ते मी दोन्ही वेळा ऐकले.

कोलरिजच्या 1798 सालच्या दीर्घ कवितेवर हॅरिसने बेतलेले, ‘पॉवरस्लेव्ह’ या 1984 च्या अल्बमच्या शेवटी येणारे साडेतेरा मिनिटांहून मोठे ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ हे गाणे तुम्हाला अर्थातच ठाऊक आहे. गलबतावरचा एक म्हातारा खलाशी अल्बट्रॉस पक्ष्याला मारतो. मग वारा पडतो, पाणी संपते, सोबती एकेक करून मरतात. अखेर समुद्रातल्या जीवांना तो मनापासून आशीर्वाद देतो तेव्हा शाप सुटू लागतो आणि पाऊस येतो. ऐंशीच्या दशकानंतर हे गाणे रंगमंचावरून नाहीसे झाले होते. सुमारे वीस वर्षांनी ते पुन्हा पहिल्यांदा वाजले ते मुंबईत, कारण 2008 चा तो जागतिक दौरा सुरूच वांद्र्याहून झाला होता. मैदानावरच्या कित्येकांना आपण काय ऐकतो आहोत याची कल्पना होती, आणि पहिल्या सुरावटीलाच उठलेला गलका त्याची साक्ष होता.

या गाण्याच्या मध्यावर सगळे थांबते. ड्रम्स जवळजवळ गप्प होतात, हॅरिसचा बेस एकटा हळूहळू चालत राहतो, लाकडी गलबत करकरल्याचा आवाज येतो आणि कवितेच्या ओळी कोणीतरी वाचल्यासारख्या ऐकू येतात. मग गिटार एकेक पायरी चढू लागतात, गायक खालच्या सुरात परततो, आणि पाऊस कोसळतो त्या शब्दापाशी आवाजाला एकदम वर जाऊन तिथे ठाम उभे राहावे लागते. वांद्र्याला डिकिन्सन 49 वर्षांचा होता. त्या शब्दापाशी त्याने तो स्वर सहज भिरकावून दिला आणि धरून ठेवला; कष्ट दिसलेच नाहीत. लंडनला तो 66 वर्षांचा होता. चढण सुरू झाल्यापासून तो हालचाल कमी करत गेला, पाय रोवून उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि मग तो स्वर लावला. स्वर पूर्वीपेक्षा थोडा जाड आला, कडेला किंचित खरखरीत, आणि पूर्वीइतका लांबलाही नाही. पण पाऊस आला. मला विचाराल तर मुंबईतला पाऊस एका विलक्षण गायकाने पाडला होता, आणि लंडनचा पाऊस त्या गोष्टीतल्या म्हाताऱ्या खलाशाने. ही गोष्ट एका वृद्धाने वाटेत अडवून सांगितलेली आहे, हे मी इतकी वर्षे विसरूनच गेलो होतो.

आपल्याकडच्या श्रोत्यांना ही गोष्ट खरे तर नव्याने शिकवावी लागू नये. 2007 च्या सवाई गंधर्व महोत्सवात पंडित भीमसेन जोशी वयाच्या 85 व्या वर्षी, प्रकृती साथ देत नसताना गायले. तेव्हा पुण्यातल्या त्या मांडवात बसलेला कोणीही तरुणपणीच्या तानांशी ताडून पाहायला बसला नव्हता. राग, गायक आणि आपण यांच्यात इतक्या वर्षांत काय काय साठले आहे, ते लोक ऐकत होते. रॉकच्या बाबतीत मात्र आपण हे सौजन्य विसरतो, कारण रॉक म्हणजे तारुण्याचे संगीत ही समजूत मनात पक्की बसलेली असते. ती समजूत जुनी झाली. पन्नास वर्षे वाजवणारे बँड जगाने याआधी पाहिलेच नव्हते, त्यामुळे ते कसे ऐकावेत याची सवय आपल्याला आत्ता कुठे लागते आहे.

ध्वनिमुद्रणात जे मिळत नाही, त्याविषयीही दोन शब्द लिहितो. पहिली गोष्ट तीन गिटारांची. मरेचे वाजवणे गोल आणि वाहते आहे, स्मिथचे तोलून-मापून आणि टोकदार, तर गर्सचे बेफाम. घरी इअरफोनवर ते एकमेकांत मिसळून येतात. समोर पाहताना मात्र कोणता सूर कोणाच्या बोटांतून निघाला हे दिसते आणि चाळीस वर्षे ऐकलेल्या गाण्याची शिवण उलगडत जाते. दुसरी गोष्ट हॅरिसची. त्याचा बेस बोटांनी वाजतो, प्लेक्ट्रमने (तार छेडायच्या चिपटीने) नाही, आणि त्या घोडदौडीसारख्या ठेक्यात तारेची टकटक स्पष्ट ऐकू येते. तो पाय पुढच्या ध्वनिक्षेपकावर ठेवून प्रत्येक गाण्याचा प्रत्येक शब्द लोकांबरोबर ओठांनी म्हणत असतो, त्याच्यापुढे माइक असो वा नसो. ही गाणी बहुतांशी त्यानेच लिहिलेली आहेत, आणि तरी तो ती चाहत्यासारखी म्हणतो.

तिसरी गोष्ट लोकांची. 1992 च्या ‘फिअर ऑफ द डार्क’ या गाण्याच्या आरंभी गिटारवर एक संथ सुरावट आहे. तिला शब्द नाहीत. प्रत्यक्ष कार्यक्रमात हजारो माणसे ती सुरावट कंठाने गातात, गिटारच्याही वर चढून. गाण्याचे शब्द समूहाने म्हणणे आपल्या परिचयाचे आहे. वाद्याचा भाग समूहाने गाणे मी तरी दुसरीकडे इतक्या ताकदीने ऐकलेले नाही. तुम्ही नाशिकच्या खोलीत ती सुरावट कितीदा गुणगुणली असेल! तिथे तुमच्या डावी-उजवीकडची, तुमची भाषा न जाणणारी माणसे तीच गुणगुणताना ऐकाल, तेव्हा या बँडशी आपले नाते एकट्याचे कधीच नव्हते हे कळेल. अगदी याच कारणासाठी मी तुम्हाला जायला सांगतो आहे.

खटकणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. स्टेडियमवरचा आवाज वाऱ्याबरोबर हलतो, आणि मागच्या बाजूला ड्रम्सचा ठोका कानावर पडतो त्याआधीच पडद्यावर हात खाली आलेला दिसतो. पूर्वी प्रत्येक गाण्यामागे नवे रंगवलेले भव्य कापड उलगडत असे; 2025 च्या दौऱ्यात त्याची जागा बऱ्याच अंशी मोठ्या एलईडी पडद्याने घेतली. चित्रे देखणी आहेत, बँडचा शुभंकर एडी नेहमीप्रमाणे अक्राळविक्राळ आहे, पण रंगवलेल्या कापडाला जो हाताचा स्पर्श होता तो पडद्याला नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. गाण्यांच्या निवडीबाबत मात्र तुमच्यासारख्या कॅसेटच्या काळातल्या श्रोत्याला तक्रार करायला जागा नाही, कारण बँडला 50 वर्षे झाल्यानिमित्त हा दौरा 1980 ते 1992 या काळातल्या पहिल्या नऊ अल्बमांपुरताच ठेवलेला आहे.

खर्चाबद्दल तुम्ही ओझरता उल्लेख केला आहे, म्हणून मीही ओझरतेच लिहितो. प्रवास मुलाला भेटण्याचाही आहे. तो हिशेब कार्यक्रमाच्या नावावर मांडू नका.

आणि चुकूनमाकून लंडनला जाणे झाले, तर पूर्वेकडच्या स्ट्रॅटफर्ड भागात ‘कार्ट अँड हॉर्सेस’ नावाचा पब आहे, तिथे अवश्य जा. सत्तरच्या दशकात हा बँड तिथे वाजवत असे. 2025 साली ज्या स्टेडियमवर मी त्यांना ऐकले, ते तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पन्नास वर्षांत त्यांनी कापलेले हे अंतर पायाखालून घातले, की त्या रात्रीचा अर्थ आणखी खोल होतो.

प्रश्न : माझे बाबा आयर्न मेडनचे जुने चाहते आहेत आणि मला सोबत नेण्याचा त्यांचा आग्रह आहे. मी महाविद्यालयात शिकते. मला ही गाणी फारशी माहीत नाहीत, आणि खरे सांगायचे तर सगळी सारखीच वाटतात. बाबांचा विरस होऊ नये म्हणून कोणती तयारी करावी?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : सगळे अल्बम क्रमाने ऐकण्याचा संकल्प करू नका, तो तिसऱ्या दिवशी मोडतो. त्याऐवजी तीन गाणी घ्या आणि ती कामाच्या पार्श्वभूमीला न लावता, बसून ऐका. पहिले ‘द ट्रूपर’. क्रिमियन युद्धातल्या घोडदळाच्या आत्मघातकी हल्ल्यावरचे हे गाणे आहे. यात दोन गिटार एकच सुरावट एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून वाजवतात, आणि त्याखाली बेसचा ठेका टापांसारखा धावतो. ही जोडीने चालणारी सुरावट एकदा कानाला ओळखू आली, की ‘सगळी सारखी’ वाटणारी गाणी वेगळी होऊ लागतील, कारण प्रत्येक गाण्यात ती जोडी काही निराळे करते. दुसरे ‘हॅलोड बी दाय नेम’. फाशीच्या पहाटे कोठडीत बसलेल्या कैद्याच्या मनात काय चालते, याची ती गोष्ट आहे. घंटेच्या टोल्यांनी सुरू होते आणि संथ लयीतून वेगाकडे जाते. आपल्या मैफलीत विलंबितातून द्रुतात जाण्याची सवय असलेल्या कानांना त्याची बांधणी परकी वाटणार नाही. तिसरे वर वर्णन केलेले खलाशाचे गाणे, पण ते बाबांबरोबर ऐका आणि मध्ये जिथे सगळे शांत होते तिथे बोलू नका.

एवढे पुरे. उरलेली गाणी कार्यक्रमातच पहिल्यांदा ऐका. प्रत्येक गोष्ट आधीच पाहून-ऐकून गेल्याने हल्ली अशा प्रसंगांतले नवल उरत नाही. कार्यक्रमाची गाण्यांची यादी इंटरनेटवर मिळते, तीही पाहू नका, आणि बाबांनी पाहिली असेल तर त्यांना सांगू देऊ नका. विरस होण्याची काळजी सोडा. ज्या वडिलांनी आपल्या आवडीच्या बँडला मुलीने पाहावे म्हणून हट्ट धरला आहे, त्यांना तुम्ही शेजारी असणेच पुष्कळ आहे. गाणे तुम्हाला आवडले नाही तर तसे मोकळेपणाने सांगा, तेही त्यांना आवडेल.

प्रश्न : असे नावाजलेले बँड भारतात इतके क्वचित का येतात? आपल्याकडे श्रोते नाहीत, असे त्यांना वाटते का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : श्रोते आहेत, हे त्यांना चांगले ठाऊक आहे. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात आणि 1986 पासून सुरू झालेल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’मध्ये घडलेला श्रोतृवर्ग परदेशी बँड येण्याआधीपासून उभा होता. आयर्न मेडन मार्च 2007 मध्ये प्रथम बंगळुरूला आला, पुढच्याच वर्षी मुंबईला आणि फेब्रुवारी 2009 मध्ये पुन्हा बंगळुरूला. 2008 च्या दौऱ्यावरील माहितीपटातल्या गाण्यांची सुरुवात मुंबईच्याच गाण्याने होते. पण 2011 चा दौरा सिंगापूर आणि इंडोनेशियाला गेला, 2016 चा चीनला, आणि आपण वाटेतच राहिलो.

अडचण सामानाची आहे. युरोपात रंगमंच, दिवे आणि ध्वनिव्यवस्था ट्रकांतून रात्रीत पुढच्या शहरात पोहोचते, त्यामुळे तोच खर्च अनेक कार्यक्रमांत वाटला जातो. भारतात तेच सामान विमानाने आणावे लागते आणि त्याचा भार एक-दोन कार्यक्रमांवर पडतो, कारण आजूबाजूच्या देशांत असे कार्यक्रम फारसे होत नाहीत. 2008 साली आयर्न मेडनने यावर तोडगा काढला होता. बोइंग 757 विमानाच्या आतली मागची काही आसने काढून तिथे सामानाची जागा केली, सुमारे 12 टन साहित्य, वादक आणि सगळे साहाय्यक एकत्र बसवले, आणि ते विमान चालवले खुद्द डिकिन्सनने, कारण तो त्या वेळी एका विमान कंपनीत व्यावसायिक वैमानिक होता. लंडनजवळून उडालेले हे विमान वाटेत बाकूला इंधनासाठी थांबून मुंबईत उतरले. 45 दिवसांत 23 कार्यक्रम झाले. ही सोय नसती तर मुंबई त्या नकाशावर आलीच नसती, असे मला वाटते.

दुसरी अडचण जागांची. आपल्याकडे मोठ्या मैदानांवर गर्दीच्या वाहतुकीची, पाण्याची आणि स्वच्छतागृहांची व्यवस्था प्रत्येक वेळी शून्यातून उभारावी लागते, आणि उघड्यावरचा ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावा लागतो. हा नियम रास्त आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र दुपारी दारे उघडून संध्याकाळीच कार्यक्रम सुरू करण्याची शिस्त आयोजकांनी पाळली पाहिजे. ती ढळली की मुख्य बँडची वेळ कापली जाते, आणि वर्षानुवर्षे वाट पाहिलेला श्रोता भरल्या ताटावरून उठवला जातो.

प्रश्न : आयुष्यात एकदाच येणारा प्रसंग मोबाइलवर टिपून ठेवण्यात गैर काय? हल्ली बँडच लोकांना फोन खिशात ठेवायला सांगतात, ते मला जाचक वाटते.
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : 2025 च्या दौऱ्याआधी आयर्न मेडनच्या व्यवस्थापकाने, रॉड स्मॉलवूडने, तशी विनंती केली होती, आणि माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे. बंदी नव्हती, विनंती होती. एखादे छायाचित्र घ्यायला कोणाची ना नसते. पण हात वर करून पूर्ण गाणे टिपणारा माणूस मागच्या चार जणांपुढे पडदा धरून उभा असतो, आणि स्वतः ते गाणे हातभर आकाराच्या चौकटीत पाहत असतो. शिवाय आयर्न मेडनसारख्या बँडसाठी समोरचे लोक हे निम्मे वाद्य आहे. फोन धरलेल्या हाताने टाळी वाजत नाही, आणि आपलाच बेसूर आवाज ध्वनिमुद्रणात येईल या धास्तीने माणूस गातही नाही. वांद्र्याला 2008 साली फोन होते, पण कोणी त्यांचा असा उपयोग करत नव्हते, आणि त्या गर्दीचा आवाज आजही माझ्या कानांत ध्वनिमुद्रणाची मदत न घेता शाबूत आहे. टिपणे हवेच असेल तर घरी परतल्यावर त्याच रात्री चार ओळी लिहून ठेवा. कोणते गाणे कशानंतर आले, शेजारी कोण उभे होते, कुठे डोळ्यांत पाणी आले, हे कॅमेऱ्याला पकडता येत नाही.

प्रश्न : मी साठीला आलो आहे. मैदानावर पुढे उभे राहून ऐकायची हौस आहे, पण कान आणि गुडघे यांची काळजी वाटते. काय करावे?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : कानांची काळजी करता हे उत्तमच आहे, कारण कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसपेशी मोठ्या आवाजाने मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली अशा कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, आणि ध्वनिक्षेपकांच्या अगदी पुढ्यात ती ओलांडली जाण्याची शक्यता असते. कापसाचे बोळे घालू नका; त्यांनी आवाज गढूळ होतो आणि संरक्षण जवळपास काहीच मिळत नाही. संगीतासाठी बनवलेले सिलिकॉनचे इअरप्लग मिळतात, ते सर्व स्वर साधारण सारख्या प्रमाणात खाली आणतात. त्यामुळे बेस आणि गायकाचा आवाज यांतला तोल राहतो, उलट शब्द अधिक स्पष्ट कळतात. ते आधी घरी घालून पाहा, कारण पहिल्यांदा स्वतःचाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली आणि ती दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवा.

गुडघ्यांबाबत माझा सल्ला असा, की अगदी पुढच्या कठड्याची हौस सोडावी. तिथे जागा धरण्यासाठी दुपारपासून उभे राहावे लागते आणि गाणे सुरू झाले की मागून रेटा येतो. रंगमंचाच्या समोर, मैदानाच्या मध्याच्या आसपास ध्वनिनियंत्रकांचा उंच चौथरा असतो. त्याच्या किंचित पुढे किंवा बाजूच्या कठड्याला टेकून उभे राहा. सगळा आवाज त्या जागेसाठीच जुळवलेला असतो, टेकायला आधार मिळतो, आणि तिथून बाहेर पडून पाणी पिऊन परत येणेही शक्य होते. बसण्याचे तिकीट घेतलेत तर बाजूची नव्हे, रंगमंचासमोरची आसने घ्या, थोडी लांब असली तरी चालतील. आधीच्या बँडच्या वेळी बसून घ्या. मुख्य कार्यक्रमाआधी ध्वनिक्षेपकावर ‘यूएफओ’ या ब्रिटिश बँडचे ‘डॉक्टर डॉक्टर’ हे गाणे मोठ्याने लागते. आयर्न मेडनच्या चाहत्यांत ती तिसरी घंटा मानली जाते. ते ऐकू आले की इअरप्लग घाला आणि उठून उभे राहा.